ग्रीनहाऊसमधली टाकी थंडीत का गोठते, आणि न गोठावी म्हणून काय करायचं

शिकागोच्या पश्चिमेला आमच्या घरामागे एक छोटं ग्रीनहाऊस आहे, दहा बाय सोळा फुटांचं, डबल भिंतीच्या पॉलिकार्बोनेट शीटचं, आणि त्यात मी भर जानेवारीतही पालक, मेथी, थोडी कोथिंबीर काढते. लोकांना भाजीचं कौतुक वाटतंच, पण सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, अगं पण पाणी गोठत नाही का? गोठतं ना. काहीच केलं नाही तर नक्की गोठतं. इथे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान शून्याखाली सात-आठ अंश असतं आणि ३० जानेवारी २०१९ ला तर शिकागोच्या विमानतळावर उणे ३१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. (इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, मी सेल्सिअसमध्येच लिहिते.)

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे हजार लिटरची ती पांढरी चौकोनी टाकी होती, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातली, आपल्याकडे एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटबाहेर रचून ठेवलेल्या दिसतात ना, तीच. दोन रात्री उणे १८ झालं, मी सकाळी जाऊन झाकण उघडून बघितलं तर वर फक्त पापुद्र्यासारखा बर्फ, खाली सगळं पाणी. म्हटलं वाचलो. तीन दिवसांनी ऊन पडलं, हवा जरा बरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टाकी पूर्ण रिकामी, हजार लिटर पाणी वाफ्यांतून वाहून दारापर्यंत आलेलं. खालचा व्हॉल्व तडकला होता. गोठला तेव्हा बर्फानेच भोक बुजलेलं होतं म्हणून काही कळलं नाही, बर्फ वितळला आणि पाणी सुटलं.

म्हणजे टाकी गोठलीच नव्हती, तोटी गोठली होती. पुढे जे जे वाचलं, मोजलं, करून बघितलं ते सगळं शेवटी याच गोष्टीशी येऊन थांबतं, की मोठ्या टाकीतलं पाणी स्वतःची काळजी बऱ्यापैकी घेतं, आपण त्याला थोडी मदत करायची, आणि खरं लक्ष द्यायचं ते त्याला जोडलेल्या वीतभर पाइपाकडे.

आधी पाणी गोठतं कसं ते बघू, आणि त्यासाठी बर्फ मुद्दाम कसा करायचे ते बघणं सगळ्यात सोपं. फ्रिज नव्हते तेव्हा आपल्याकडे, अलाहाबादला, कलकत्त्याजवळ, हिवाळ्यात उघड्यावर बर्फ बनवायचे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये ती पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी लिहून ठेवली आहे. जमिनीत साधारण दोन फूट खोल चौकोनी खड्डे करायचे, तळाला उसाचं पाचट नाहीतर मक्याची वाळलेली ताटं जाड पसरायची, त्यावर मातीची उथळ, चकाकीचा मुलामा न दिलेली सच्छिद्र भांडी ओळीने मांडायची, संध्याकाळी त्यात पाणी ओतायचं आणि पहाटे उजाडायच्या आत बर्फ गोळा करायचा. आणि हे अशा रात्री व्हायचं जेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरच असायचं! स्वच्छ आकाश, वारा पडलेला, अशी रात्र हवी, ढग आले की बर्फ नाही.

हे का व्हायचं? एक म्हणजे पाणी उथळ, त्यामुळे पाणी थोडं आणि उघडा पृष्ठभाग जास्त. दुसरं, वर उघडं आकाश, आणि प्रत्येक वस्तू आकाशाकडे उष्णता फेकत असते, ढग नसले की त्यातलं फारसं काही परत येत नाही. तिसरं, खाली पाचट, म्हणजे जमिनीतली ऊब वर पोचूच नये. चौथं, सच्छिद्र मडकं, म्हणजे पाणी झिरपून त्याची वाफ होताना आणखी गारवा, आपल्या माठासारखंच.

आता हीच रेसिपी उलटी करा. पाणी खोल ठेवा, एकत्र ठेवा. वरून झाका. खालून जमिनीपासून तोडू नका. वाफ होऊ देऊ नका. बाकी जेवढे उपाय मी सांगणार आहे त्यातले निम्मे याच्यातच आले.

खोल आणि एकत्र का, तर घरातलं उदाहरण घ्या, कपातला चहा बशीत ओतला की दोन मिनिटांत पिण्याजोगा होतो. चहा तोच, उष्णता तेवढीच, पण बाहेर पडायला जागा जास्त मिळाली. टाकीचंही तसंच आहे, लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की पाणी आठपट मावतं पण बाहेरचा पृष्ठभाग चौपटच होतो, म्हणजे दर लिटरमागे उष्णता निसटायला जागा निम्मी. म्हणून एक लिटरची बाटली एका रात्रीत दगड होते, दोनशे लिटरच्या पिंपाला दोन-तीन कडक रात्री लागतात आणि हजार लिटरची टाकी आठवडाभर तग धरू शकते. आणि पाऊण इंची पाइपात काय, पेलाभर पाणी, ते तासा-दोन तासांत जातं.

आता थोडा हिशोब, घाबरू नका, विजेच्या बिलावरच्या युनिटमध्ये सांगते म्हणजे अंदाज येईल. एक युनिट विजेत साधारण ८६० लिटर पाणी एक अंशाने तापतं. माझी हजार लिटरची टाकी ५ अंशावर असली तर शून्यापर्यंत यायला तिला जवळपास ६ युनिट उष्णता गमवावी लागते. ठीक आहे, फार नाही. पण खरी गंमत शून्यावर आल्यावर सुरू होते. पाणी शून्यावर येऊन लगेच बर्फ होत नाही, बर्फ व्हायला त्याला आणखी उष्णता सोडावी लागते आणि ती प्रचंड असते, एक लिटर पाणी बर्फ होताना जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात तेच एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशापर्यंत तापलं असतं! म्हणजे माझी पूर्ण टाकी गोठायला ९० पेक्षा जास्त युनिट बाहेर जावे लागतात. म्हणून झाकण उघडल्यावर वर पातळ बर्फ आणि खाली सगळं पाणी असं दिसतं. शून्य अंशावर पाणी अडून बसतं, दिवसेंदिवस, आणि तोपर्यंत बहुतेक वेळा थंडीची लाट निघून जाते.

आणि वरूनच का गोठतं, खालून का नाही? बहुतेक गोष्टी गार झाल्या की आकसतात आणि जड होतात, पाणीही तसंच करतं पण ४ अंशापर्यंतच. त्याच्या खाली ते पुन्हा फुगायला लागतं, हलकं होतं. त्यामुळे ४ अंशाचं पाणी तळाशी बसतं आणि १ अंशाचं, शून्याचं पाणी वर तरंगतं, आणि बर्फ तर पाण्यापेक्षा साधारण ९ टक्के जागा जास्त घेतो त्यामुळे तो वरच. तलावातले मासे यामुळेच जगतात. पण पिंपात एक अडचण होते. पिंप चारही बाजूंनी उघडं असतं, त्यामुळे बर्फ वरून आणि कडेने असा धरतो, वर पक्कं झाकण तयार होतं आणि मधलं पाणी कोंडलं जातं. ते पुढे गोठायला लागलं की त्याला फुगायला जागाच नाही, मग बाजू फुगतात, तळ बाहेर येतो, शिवण असेल तर ती उसवते. म्हणून पिंप काठोकाठ कधीच भरायचं नाही, निदान दहावा भाग रिकामा ठेवायचा, मी तर वीतभर ठेवते. बंद तोंडाच्या पिंपात अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली तरंगत ठेवली तर बर्फ आधी तिला चेपतो, त्याचाही थोडाफार फायदा होतो, पण रिकाम्या जागेला तो पर्याय नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण मला स्वतःला तो दोन हिवाळे गेल्यावर कळला. ग्रीनहाऊसमध्ये पाणी दोन वेगळ्या कामांसाठी ठेवलेलं असतं. एक, झाडांना घालायचं पाणी. ते गोठलं तर उपयोग नाही. दुसरं, ऊब साठवायचं पाणी, म्हणजे काळ्या रंगाने रंगवलेली पिंपं उत्तरेच्या भिंतीला ओळीने लावायची, दिवसा ऊन पिऊन तापतात, रात्री हळूहळू ऊब सोडतात. डिसेंबरात इथे सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो, त्यामुळे ऊन आडवं येतं आणि उभ्या पिंपांवर सरळ पडतं, ते त्यांच्या फायद्याचंच.

या दुसऱ्या पिंपांना गोठू द्यायचं. हो, मी विचार करूनच लिहिते आहे. माझ्याकडे अशी सहा पिंपं आहेत, प्रत्येकी २०८ लिटरची, मिळून साधारण साडेबाराशे लिटर. ती ८ अंशावरून शून्यावर आली की ग्रीनहाऊसला साडेअकरा युनिट उष्णता देतात. आणि त्यांच्यातला नुसता दहावा भाग गोठला की आणखी तेवढीच, साडेअकरा युनिट! हे फुकट मिळतं. उणे १५ च्या रात्री असं ग्रीनहाऊस माझ्या हिशोबाने ३५-४० युनिट उष्णता बाहेर घालवतं, त्यामुळे पिंपांनी आत उन्हाळा होत नाही, आतलं तापमान तरीही उणे चार-पाच होतं, पण ते तिथे अडतं, उणे १५ होत नाही, आणि पालक-मेथीवर आतल्या आत पातळ कापड अंथरलेलं असलं की ती तगतात. त्या पिंपांना थर्माकोलमध्ये गुंडाळलं तर ती गोठणार नाहीत खरी पण त्यांची ऊबही कोणाला मिळणार नाही, म्हणजे गोधडी आपण विहिरीला घातली आणि पोरं उघडी राहिली. लोक हीच चूक सगळ्यात जास्त करतात, दोन्ही पाण्यांना एकच उपाय लावतात.

आता पहिल्या पाण्याकडे, सिंचनाच्या टाकीकडे येते.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की एवढी टाकी भरून ठेवायची गरज आहे का. डिसेंबर-जानेवारीत दिवस नऊ तासांचा, ऊन कमी, झाडं जवळजवळ थांबलेली, त्यांना पाणी फारच कमी लागतं. माझ्या वाफ्यांना दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं. तेवढं घरातल्या बादलीने नेता येतं. छोटं ग्रीनहाऊस असेल तर माझा स्पष्ट सल्ला, नोव्हेंबरच्या शेवटी टाकी रिकामी करा, व्हॉल्व अर्धवट उघडा ठेवा आणि शंभर लिटरचं एक पिंप गॅरेजमध्ये भरून ठेवा. मोठं असेल, किंवा घरापासून लांब असेल, तर मग टाकी राखावी लागते.

राखायची तर गोधडी हवी, आणि चांगली हवी. हार्डवेअरच्या दुकानात थर्माकोलपेक्षा कडक असा गुलाबी नाहीतर निळा फोमबोर्ड मिळतो, तो दोन इंच जाडीचा घ्या. साधा थर्माकोल स्वस्त पडतो पण तो हळूहळू ओल धरतो आणि उंदीर त्याचा भुगा करतात. जुन्या रजया, चादरी, घोंगड्या गुंडाळू नका, ग्रीनहाऊसमध्ये दमटपणा इतका असतो की आठवड्यात त्या ओल्या होतात आणि ओलं कापड ऊब धरत नाही, उलट पळवतं.

फरक किती पडतो ते बघा. टाकीतलं पाणी ३ अंशावर आणि आतली हवा उणे ७ धरली तर उघड्या टाकीतून दर क्षणाला साडेचारशे-पाचशे वॉट उष्णता जाते. दोन इंची फोम चारी बाजूंनी आणि वरून लावला की तेच चाळीस वॉटच्या आसपास येतं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढं. दिवसाला ११ युनिट लागत होते तिथे १. युनिटला १५ सेंट दर धरला तर रोजचा पावणेदोन डॉलरचा खर्च १५ सेंटवर आला. आणि वीज गेली तरी ५ अंशावरची टाकी शून्यावर यायला पाच-सहा दिवस घेते, उघडी टाकी तेच अर्ध्या-पाऊण दिवसात. म्हणून जो कोणी मला कुठला हीटर घेऊ म्हणून विचारतो त्याला मी आधी फोम घे म्हणते.

झाकण विसरू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं. फोमचा एक तुकडा पाण्यावरच तरंगता ठेवला तर वाफही थांबते आणि वरून जाणारी उष्णताही. पाण्याची वाफ होताना ती टाकीतली भरपूर ऊब घेऊन जाते, आणि तीच वाफ पॉलिकार्बोनेटवर जाऊन थेंब धरते, पानांवर बुरशी येते, म्हणजे दुहेरी नुकसान.

आणि तळ? तळाखाली मी फोम घातलेला नाही, आणि मुद्दाम. इथे जमीन गोठते ती बाहेर, घराचा पाया घालताना ४२ इंच खाली जावं लागतं कारण तिथपर्यंत जमीन गोठू शकते. पण त्याच्याही खाली जमीन वर्षभर दहा अंशांच्या आसपास असते. ग्रीनहाऊसच्या कडेने बाहेरून दोन फूट खोल चर खणून त्यात फोमबोर्ड उभा पुरला की बाजूने येणारी थंडी अडते आणि आतली जमीन खालून ऊब घेत राहते. टाकी त्या जमिनीवर बसलेली असली की तिला खालून थोडा आधार मिळतो. अलाहाबादच्या त्या पाचटाच्या बरोब्बर उलट. लडाखमध्ये लेहच्या आसपास जमिनीत खणून केलेली ग्रीनहाऊसं आहेत, वर फक्त पॉलिथिनचं छप्पर आणि भिंती म्हणजे मातीच, तिथेही हेच तत्त्व, जमिनीला सोबतीला घ्यायचं. पण ही प्लास्टिकची चौकोनी टाकी थेट जमिनीत पुरू नका हं, ओल्या मातीच्या दाबाने तिच्या भिंती आत येतात.

उत्तरेच्या भिंतीला बाहेरून बर्फ पडला की मी तो फावड्याने तिथेच रचते. भुसभुशीत बर्फ म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच असते, त्याची भिंत उत्तम ऊब धरते. छपरावरचा मात्र लगेच काढते.

आता व्हॉल्व. टाकीच्या तळाशी बाहेर आलेलं ते नाक, आत बॉल व्हॉल्व, म्हणजे आरपार भोक असलेला, फिरवता येणारा गोळा. बंद केला तरी त्या गोळ्याच्या पोटातल्या भोकात चमचाभर पाणी अडकतं, आणि ते चमचाभर पाणीच फुगून व्हॉल्व फोडतं. टाकी रिकामी केल्यावर व्हॉल्वचा दांडा पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा न ठेवता अर्धवट, तिरका ठेवायचा, म्हणजे पोटातलं पाणी निथळतं. हे मला इथल्याच एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी दाखवलं, आयुष्यभर गाई सांभाळलेला माणूस, आणि त्या एका गोष्टीने माझे किती व्हॉल्व वाचले.

भरलेल्या टाकीचं काय? तिच्या नाकाला पण फोमच्या डब्यात घ्यायचं, आणि तो डबा टाकीच्या बाजूने उघडा ठेवायचा, म्हणजे टाकीची ऊब नाकापर्यंत पोचते. नाक आणि टाकी एकाच गोधडीत, वेगळी-वेगळी गुंडाळायची नाहीत. पुढे पाइप जोडलेला असेल तर तो हिवाळ्यात काढून टाका. काढता येत नसेल तर पाइपावर गुंडाळायची गरम वायर मिळते, त्यातली थंडीप्रमाणे आपली उष्णता आपोआप कमी-जास्त करणारी घ्या, साध्या वायरीचे वेढे एकमेकांवर आले तर तिथे ती जळते.

पाइप कसा फुटतो याबद्दल एक गैरसमज मलाही होता, की बर्फ जिथे होतो तिथेच फुगून पाइप फाटतो. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च काउन्सिलने यावर प्रयोग केले होते आणि त्यात दिसलं की बर्फाचा बूच तयार झाला की तो बूच आणि पुढचा बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडतं त्याचा दाब वाढत वाढत जातो आणि पाइप तिथे फुटतो, कधीकधी जिथे अजिबात बर्फ नाही तिथे. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ थेंब थेंब सोडून ठेवा असं इथे सांगतात, पाणी वाहतं म्हणून गोठत नाही असं लोकांना वाटतं, ते थोडंफार असेलही, पण खरा फायदा दाब सुटण्याचा. त्यांच्याच कामातून उणे ७ हा आकडा आला, त्याच्या खाली उघड्या पाइपांची काळजी करायला लागायची. मी फोनमध्ये हवामानाचा अलर्ट उणे ७ लाच लावला आहे.

हीटरबद्दल. इथे गुरांच्या पाण्याच्या हौदात टाकायचे हीटर मिळतात, हजार-दीड हजार वॉटचे, काही तरंगणारे, काही तळाशी बसणारे, त्यांना थर्मोस्टॅट असतो, २ ते ४ अंशांच्या आसपास चालू होतात. फोम लावलेल्या टाकीला एवढा मोठा लागत नाही, पण थर्मोस्टॅट असल्यामुळे तो दिवसातून थोडाच वेळ चालतो, त्यामुळे चालेल. प्लास्टिकच्या टाकीत टाकायचा असेल तर भोवती जाळी असलेला घ्या, नुसता तापलेला धातू प्लास्टिकला टेकला तर भोक पडतं. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट नसेल तर तसला प्लग वेगळा मिळतो, पावणेदोन अंशाला चालू, सातला बंद. आणि ओल्या जागी वीज आहे, तेव्हा विजेची गळती झाली की क्षणात वीज तोडणारा सॉकेटच हवा, आपल्याकडे त्या कामाला ईएलसीबी लावतात, ते नसेल तर हीटर लावूच नका, इथे मी तडजोड करत नाही. गॅसचे, रॉकेलचे हीटर बंद ग्रीनहाऊसमध्ये लावून आत काम करत बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मासे पाळतात त्यांचा बुडबुड्यांचा पंप लावावा का, हेही विचारतात. मोठ्या, खोल तळ्यात चालतो, तळाचं ४ अंशाचं पाणी वर येतं आणि एक भोक उघडं राहतं. पण हजार लिटरच्या टाकीत तळाला साठा तो केवढा? पंप बाहेरची गार हवा पाण्यातून फिरवतो आणि सगळंच पाणी लवकर गार करतो. मला तो उलटाच पडला.

माझ्या भाच्याने विचारलं होतं, मावशी मीठ टाक ना, रस्त्यावर टाकतात तसं. चांगला प्रश्न आहे. हजार लिटरमध्ये एक किलो मीठ टाकलं तर गोठणबिंदू जेमतेम सहा शतांश अंशाने खाली जातो. समुद्राइतकं खारट करायचं तर ३५ किलो लागेल, आणि तरी उणे दोनला गोठणारच. उणे सहा हवं तर शंभर किलो. ते पाणी झाडांना घालायचं? माती कायमची जाईल. गाडीत घालतात ते अँटिफ्रीझ तर विचारूच नका, त्यातलं नेहमीचं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, कुत्र्या-मांजरांना गोड लागतं म्हणून ती पितात आणि मरतात. संध्याकाळी गरम पाण्याची बादली ओतणं बिनधोक आहे पण हजार लिटरमध्ये दहा लिटर कडकडीत पाणी गेलं तरी जेमतेम एखादा अंश वाढतो. तेवढ्यासाठी रात्री बर्फातून बादली घेऊन जाऊ नका, पाय घसरेल.

शेणखताचं मात्र जमतं. कच्चं शेण आणि काडीकचरा निदान मीटरभर उंच-रुंद रचला, ओल राखली, की आतून ५०-६० अंशांपर्यंत तापतो, गावाकडे उकिरड्यातून पहाटे वाफा निघताना आपण बघितलेल्याच आहेत. टाकीच्या एका बाजूला असा ढीग लावला तर महिना-दीड महिना फुकटची ऊब मिळते. छोटा ढीग बाहेरच्या थंडीत तापतच नाही, पुन्हा तोच बशीचा नियम.

माझं माहेर निफाडजवळचं. तिथे पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून अण्णा रात्री बागेत शेकोट्या पेटवायचे आणि पहाटे बागेला पाणी सोडायचे. लहानपणी मला हे कोडं वाटायचं, आधीच एवढी थंडी, त्यात पाणी कशाला? आता कळतं, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, ते जमिनीला ऊब देतं, आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा जास्त ऊब धरते, दिवसा साठवते आणि रात्री सोडते. अण्णांनी युनिटमध्ये कधी मोजलं नाही, पण माझी काळी पिंपं जे करतात तेच ते करत होते. मीही आता थंडीची लाट येणार असं कळलं की दोन दिवस आधी, दुपारच्या उन्हात, वाफ्यांना पाणी देऊन ठेवते. पानांवर नाही, फक्त मातीला.

आणि एवढं करूनही गोठलंच तर? टाकीवर काही आपटू नका, थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, पीव्हीसी तर काचेसारखं फुटतं. ब्लोटॉर्च लावू नका. बर्फात अडकलेला हीटर चालू करू नका, त्याच्याभोवती पाणी नसेल तर तो जळतो. वरून वितळवायला सुरुवात करायची नाही, आधी व्हॉल्वकडून, म्हणजे वितळलेल्या पाण्याला जायला वाट राहते, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं व्हॉल्वला गुंडाळायचं, गार झालं की बदलायचं, अर्धा-पाऊण तास लागतो. आणि वितळायला लागलं की तिथून उठून जायचं नाही. तडा गेलेला असेल तर तो बर्फ असेपर्यंत दिसत नाही, म्हणून खाली मोठी बादली ठेवा, हाताशी बुचासाठी रबर आणि क्लॅम्प ठेवा, आणि शेवटचा बर्फाचा खडा सुटेपर्यंत व्हॉल्वच्या आट्यांवर बॅटरी मारून बघत राहा.